खिडकी क्रमांक चारचा चेहरा

हॉस्पिटलातल्या चौकशीच्या खिडकीवर बसणाऱ्या माणसाला सगळे शिक्का म्हणत. पाठीमागे म्हणत; समोर म्हणायची वेळ आली तर आधी घसा साफ करून म्हणत. रबरी शिक्का जन्माच्या दाखल्यावर मारा नाहीतर मृत्यूच्या, उमटतो सारखाच. याच्या चेहऱ्याचं तसंच होतं. बढती मिळाली तेव्हा जो चेहरा होता, तोच सायकल चोरीला गेली तेव्हा होता. लग्नाच्या फोटोत तो असा उभा आहे, की पाहुण्यांनी त्याला काहीतरी चोरताना पकडलंय आणि आता पोलीस येईपर्यंत सगळे शेजारी उभे राहून वेळ काढतायत.

चेहरा नुसता कोरा असता तरी भागलं असतं. पण भुवया मधोमध खाली उतरलेल्या, ओठांची टोकं जमिनीकडे निघालेली आणि कपाळावर तीन ठळक आठ्या. आठ्या आईकडून आलेल्या. आईला त्या शोभायच्या. याच्याकडे आल्यावर मात्र समोरच्याला वाटे, आपण याचं काहीतरी देणं लागतो आणि ते याला आत्ताच आठवलंय.

आतून हा माणूस लोण्याचा गोळा होता. पण आतून कोण बघतो.

ती खिडकी हा त्याचा जीव की प्राण होती. त्याआधी आठ वर्षं तो तळघरात जुन्या कागदांच्या खोलीत होता. तिथे आठ वर्षांत त्याला लोकांनी एकूण दोन प्रश्न विचारले. पहिला, "अजून इथेच का?" दुसरा, "दिवा कुठे लागतो?" दुसऱ्याचं उत्तर त्याने इतकं सविस्तर दिलं होतं, की विचारणारा पुन्हा आला नाही. दोन वर्षांपूर्वी खिडकीवरच्या बाई निवृत्त झाल्या आणि ती जागा याला मिळाली. तेव्हापासून रोज किमान दोनशे माणसं त्याला काहीतरी विचारत. तो सकाळी घरून निघताना शर्टाला इस्त्री करायचा, ती या दोनशे जणांसाठी.

त्यातून कागदांचे गठ्ठे वाहून वाहून त्याला इमारतीचा कोपरा न् कोपरा पाठ. एक्स-रे कुठे म्हटलं, की तो नुसतं 'दुसरा मजला' म्हणून मोकळा होत नसे. "दुसरा मजला, जिना संपला की उजवीकडे, एक हिरवं बाकडं लागेल, त्यावर बसू नका, त्याचा एक पाय नावापुरता आहे, तिथून तिसरा दरवाजा. सावकाश जा."

लोक ऐकायचे कमी आणि बघायचे जास्त. मग तक्रारपेटीत कागद पडायचे. एकाने लिहिलं होतं: 'मी फक्त स्वच्छतागृह कुठे आहे विचारलं. त्यांनी सांगितलं. पण ज्या नजरेने सांगितलं त्यावरून मला वाटलं, की मला तेवढी गरज नाही. मी घरी गेलो. घर लांब आहे.' एका बाईंनी लिहिलं: 'मला "सावकाश जा" म्हणाले. ही धमकी आहे.' एक तरुण तर विचारायला म्हणून खिडकीशी आला, याचा चेहरा बघितला, "गेले का?" म्हणाला आणि तिथेच खाली बसला. त्याचे आजोबा त्या वेळी तिसऱ्या मजल्यावर बिस्किटं खात होते.

तीन महिन्यांत अकरा तक्रारी झाल्या तेव्हा मोठ्या बाईंनी त्याला वर बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे हॉस्पिटलचा सगळा कारभार बघणाऱ्या अधिकारी. अंगाने लहानखुऱ्या होत्या, पण त्यांच्या सहीशिवाय तिथे सुतळीचा तोडासुद्धा मिळत नसे.

"बसा," त्या म्हणाल्या. मग त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "रागावू नका."

"नाही रागावलो."

"बरं." त्यांनी फाईल उघडली. "हे बघा, काम तुमचं चोख आहे. पण लोक घाबरतात. या महिनाअखेरपर्यंत खिडकी चारवर एक जरी तक्रार आली, तरी तुम्हाला तळघरात परत पाठवावं लागेल. नियम आहे तसा. मी तुम्हाला हास्याचं प्रशिक्षण देते. दोन दिवसांचं आहे."

प्रशिक्षक बाहेरून आला होता. त्याने याला दातांत आडवी पेन्सिल धरायला सांगितली, आरशासमोर उभं केलं, मनात एखादा सुखाचा प्रसंग आणायला सांगितला. याने मनात आणलं, की एक म्हातारी येते, रक्ततपासणी कुठे विचारते, आणि आपण सांगितलेल्या रस्त्याने एकदाही न चुकता पोहोचते. दुसऱ्या दिवशी पेन्सिल काढून प्रशिक्षक म्हणाला, "आता हसा." शिक्का हसला. प्रशिक्षकाने पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाला, "घरी सगळं ठीक आहे ना?" आणि जाताना म्हणाला, "पेन्सिल राहू द्या तुमच्याकडे."

घरी बायकोला त्याने सगळं सांगितलं. त्याचा चेहरा वाचता येणारी जगात ती एकटीच. तो खूश असला की त्याच्या कानांच्या पाळ्या केसभर मागे सरकत; हा शोध लागायला तिला दीड वर्ष लागलं होतं, आणि तोवर ती रोज जेवताना विचारायची, "बिघडलंय का?"

"मी येऊन सांगू का त्यांना," ती म्हणाली, "की कान बघत जा म्हणून?"

"खिडकीत कान दिसत नाहीत. गजांच्या मागे जातात."

"मग पाटी लावा. 'हा इसम हसत आहे.'"

"तळघरात पाठवतील गं."

तिची थट्टा थांबली. मग म्हणाली, "ते नको. तळघरात होतात तेव्हा घरी आलात की मला न विचारता सांगायचात, स्वयंपाकघर उजवीकडे आहे म्हणून. मला माहीत होतं, अहो, कुठे आहे ते."

मोठ्या बाईंनाही तो तळघरात नको होता. याला हलवावं तर रस्ता सांगणार कोण? एकदा तो आजारी रजेवर होता, तेव्हा पाय मुरगळलेला एक गृहस्थ विचारत विचारत हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात पोहोचला आणि दुपारपर्यंत त्याने तिथे बटाटे सोलले. त्याला वाटलं, हा उपचाराचा भाग आहे. शेवटी बाईंनी दोन दिवस विचार करून एक लेखी आदेश काढला. 'पुढील सूचनेपर्यंत खिडकी क्रमांक चारचे दोन भाग करण्यात येत आहेत: दर्शनी भाग व माहिती भाग. माहिती भाग काउंटरखाली बसेल.'

दर्शनी भाग बिलांच्या विभागातून आला. त्याला सगळे जाहिरात म्हणत, कारण तो सदैव दात घासण्याच्या जाहिरातीत असल्यासारखा दिसे. गोरागोमटा, गालांवर खळ्या, आणि समोरचा काहीही बोलला तरी 'किती छान सुचलं तुम्हाला' असा भाव. फक्त त्याला डावं-उजवं कळत नसे. घड्याळ कुठल्या हातात आहे हे बघून तो ठरवायचा, आणि घड्याळ कधी कुठल्या हातात घालायचं याचा त्याचा काही नियम नव्हता.

शिक्क्यासाठी मुलांच्या वॉर्डातून एक बुटकं स्टूल आणलं. त्यावर बदक होतं. मांडीवर वॉर्डांची नोंदवही घेऊन तो काउंटरखाली बसे. वर माणूस येऊन विचारी, "कानाचे डॉक्टर?" जाहिरात खळ्या पाडी. खालून आवाज येई, "पहिला मजला, डावीकडे, मोठ्या घड्याळाच्या खालचा दरवाजा." जाहिरात ते जसंच्या तसं वर म्हणे. लोकांना खालचा आवाज ऐकू येत नसे असं नाही. पण गोड चेहरा समोर असला की माणूस बाकीचं चालवून घेतो. एका आजींनी तर कौतुकाने विचारलं, "बाळा, तू दोनदा बोलतोस का?" जाहिरात म्हणाला, "हो." आजी म्हणाल्या, "गुणी आहेस."

तक्रारी थांबल्या. एकदम शून्य. शिक्क्याला आनंद झाला आणि थोडं कुठेतरी लागलंही. तेच शब्द, तीच वाक्यं, 'सावकाश जा'सुद्धा तेच. परवा धमकी होती, आज लोक "थँक्यू हं" म्हणत होते.

काउंटरच्या लाकडी फळीला खाली वीतभर फट होती. तिथून त्याला लोकांचे फक्त पाय दिसत. पहिले दोन दिवस त्याने नुसते बघितले. तिसऱ्या दिवसापासून तो पायांवरून माणूस ओळखायला लागला. चकचकीत काळे बूट आले की हा माणूस घमेंडी. त्याला तो बाकड्याच्या पायाबद्दल सांगत नसे. चपलेचा अंगठा शिवलेला असला की बिचारा. त्याला तो लिफ्ट कुठल्या वेळी रिकामी असते तेही सांगे. आठवड्याभरात त्याचा इतका हात बसला, की चप्पल दिसताच त्याला माणसाचं शिक्षण, स्वभाव आणि सासरची परिस्थिती कळू लागली. आपण हे काय करतोय असं त्याला एकदाही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, पण त्यासाठी कुणीतरी त्याच्याही तोंडावर आरसा धरायला हवा होता, आणि आरसा प्रशिक्षक परत घेऊन गेला होता.

त्यातच त्या चपला आल्या. डावी तपकिरी, लहान, बायकी. उजवी काळी, मोठी, सरळसरळ पुरुषाची. वरून बाईचा आवाज आला, "वॉर्ड नऊ कुठे हो? खाट सहा."

'वेंधळी,' शिक्क्याने निकाल दिला. आणि रस्ता सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच चपला, तोच प्रश्न. तिसऱ्या दिवशीही. वॉर्ड नऊ म्हणजे तिसरा मजला, पुरुषांचा वॉर्ड. काही अवघड रस्ता नव्हता. पाचव्या दिवशी शिक्क्याने खालून हळूच म्हटलं, "काल सांगितलं होतं." जाहिरातने सवयीने तेही वर म्हटलं. पण इतक्या गोड हसून म्हटलं, की बाई म्हणाल्या, "हो, सांगितलं होतंत. आजही सांगा ना." तेव्हा शिक्क्याने मनातल्या मनात वेंधळीच्या पुढे 'विसराळू' असंही लिहून टाकलं. सातव्या दिवशी त्याने नुसतं "तिसरा" एवढंच म्हटलं.

वॉर्डांच्या नोंदवहीत एक पद्धत होती. पहाटे वॉर्डातल्या सिस्टर वही पूर्ण करून खाली पाठवत, आणि एखाद्या नावापुढे लाल ठिपका असला, तर त्या माणसाच्या नातेवाइकांना खिडकीवर काहीही सांगायचं नाही. त्यांना बाजूच्या छोट्या खोलीत बसवायचं, वर फोन करायचा, सिस्टर खाली येतात, पुढचं त्या सांगतात. खिडकीने तोंड उघडायचं नाही. नियम चांगला होता. फक्त तो करणाऱ्याने तोंड उघडण्याचाच विचार केला होता. तोंड बंद असतानाही त्यावरून काय काय सांगितलं जातं, हे त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं.

महिना संपायला तीन दिवस होते. सकाळी साडेनऊला चपला आल्या. तपकिरी, काळी.

"वॉर्ड नऊ..." बाईंनी सुरुवात केली.

शिक्क्याचं बोट सवयीने वहीवर गेलं. वॉर्ड नऊ, खाट सहा. नावापुढे लाल ठिपका होता. शाई अजून ताजी दिसत होती.

"लाल," तो खालून कुजबुजला. "यांना बसवा. वर फोन करा."

आता जाहिरातची एक गोष्ट कुणालाच माहीत नव्हती. बिलांच्या विभागात दहा वर्षं लोकांनी त्याच्यावर आरडाओरडा केला होता, आणि भीती वाटली की तो आणखी हसे. लहानपणी मास्तर छडी घेऊन आले की वर्गात हा एकटा हसत असायचा, आणि त्यासाठी वेगळा मार खायचा. लाल ठिपका म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर सूर्य उगवला. खळ्या अशा पडल्या, की त्यांत वाटाणा राहिला असता.

"बसा हं," तो म्हणाला. "बसा ना. सांगतो."

 बाईंनी सोडलेला श्वास शिक्क्याला खालीही ऐकू आला. दोन्ही चपला टाचांवर आल्या आणि परत खाली टेकल्या, लहान मुलं करतात तशा. पाठोपाठ फोनची बटणं वाजली.

"अगं ताई, मी बोलतेय. नाही, अजून वर नाही गेले. पण बरं दिसतंय गं आज. इथले साहेब आहेत ना, ते आज खूपच हसतायत. हो, बसा म्हणाले. घरी सोडायचे कागद वगैरे असतील. तू पोरांना सांगून टाक..."

शिक्क्याने वर बघितलं. जाहिरातने काउंटरची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. वर तो हसतच असणार.

'पोरांना सांगून टाक.' म्हणजे आणखी दोन मिनिटांत कुठल्याशा घरात पोरं उड्या मारणार. छोट्या खोलीत ही बाई दहा मिनिटं, कदाचित वीस मिनिटं, आनंदात बसणार. मग सिस्टर येणार. आणि नंतर आयुष्यभर बाईंना ती वीस मिनिटं आठवणार.

नियम सांगत होता, बोलायचं नाही. आदेश सांगत होता, दिसायचं नाही. तळघर त्याच्या डोळ्यांसमोर आलं. दिव्याचं बटण दाराच्या मागे डावीकडे, खांद्याच्या उंचीवर. कुणी विचारलं नव्हतं.

तो उठला.

उठला म्हणजे, उठायला गेला. बदकाच्या स्टुलावर दीड तास बसून त्याच्या उजव्या पायाला मुंग्या आल्या होत्या. पाय अंगाखालून निसटला, तो पुढे गेला आणि काउंटरच्या कडेचा त्याच्या कपाळावर, बरोबर तीन आठ्यांवर, असा टोला बसला, की डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. एका हाताने गज धरून तो खिडकीत वर आला. चेहरा वेदनेने वेडावाकडा झाला होता. आणि त्यातही त्याला प्रशिक्षकाचे शब्द आठवले आणि बाईंना धीर वाटावा म्हणून त्याने हसायचा प्रयत्न केला. मनापासून केला. पेन्सिल असती तर तुटली असती.

बाईंनी त्याला बघितलं.

फोनमधून ताईचा आवाज येत होता. बाई म्हणाल्या, "थांब. पोरांना काही सांगू नकोस. नंतर करते."

तपकिरी आणि काळ्या चपलेच्या वरची बाई त्याने पहिल्यांदाच बघितली. चाळिशीची, कपड्यांना इस्त्री केलेली, केस नीट बांधलेले. वेंधळी कुठून दिसत नव्हती.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"मला सांगायची परवानगी नाही," शिक्का म्हणाला. "वर सिस्टर सांगतील. मी येतो तुमच्याबरोबर."

खिडकीबाहेर पडायला त्याला मागच्या दाराने वळसा घालावा लागला. पाय अजून झोपलेलाच होता, त्यामुळे तो लंगडत आला. बाईंनी त्याच्या डोळ्यांकडे बघितलं आणि त्याच्या शर्टाची बाही धरली.

"तुम्ही नका रडू," त्या म्हणाल्या.

काउंटरची कड लागली, असं सांगायला त्याने तोंड उघडलं. मग मिटलं. ते सांगणं खरं झालं असतं, पण मग सगळंच चुकीचं झालं असतं. आणि दुसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत कपाळाचं दुखणं कमी झालं तरी डोळ्यांतलं पाणी थांबलं नव्हतं, तेव्हा ते नक्की कशाचं आहे हे त्यालाही सांगता आलं नसतं.

हिरवं बाकडं आलं. बाईंनी न बघताच त्याला वळसा घातला.

"त्याचा पाय मोडका आहे," त्या म्हणाल्या. "मला रस्ता पाठ आहे हो. पहिल्या दिवसापासून पाठ आहे."

"मग रोज विचारायचात?"

"त्या साहेबांना बघायला यायचे मी. वर डॉक्टर काही धड बोलत नाहीत, सिस्टर घाईत असतात. मला वाटायचं, खाली यांच्याकडे सगळ्या वॉर्डांची वही असते, यांना कळत असणार. हे हसले की दिवस बरा जाणार म्हणायचं." त्या दोन पायऱ्या चढल्या. "वेडेपणा आहे."

 शिक्क्याची नजर जिन्यावर त्यांच्या पायांकडे गेली. बाईंनी ते बघितलं.

"यांची आहे ती," काळ्या चपलेकडे बघत त्या म्हणाल्या. "यांना गाडीत घातलं तेव्हा घाईत एक माझी घातली, एक यांची. दुसऱ्या दिवशी बदलणार होते. मग म्हटलं, असू दे. बरोबर घरी नेऊ."

'तिसरा' एवढंच म्हणालो होतो आपण, शिक्क्याच्या मनात आलं. एका शब्दात वाटेला लावलं होतं. जिन्याच्या उरलेल्या सतरा पायऱ्या त्याने खाली मान घालून मोजल्या.

वॉर्ड नऊच्या दाराशी बाई थांबल्या. "तुम्ही आहात ना इथे?"

"आहे."

तो चाळीस मिनिटं बाहेर उभा राहिला. व्हरांड्यातून जाणारे येणारे त्याला बघून आवाज बारीक करत. एका वॉर्डबॉयने चालता चालता ट्रॉलीचं करकरणारं चाक हाताने उचलून धरलं. शिक्क्याला आश्चर्य वाटलं. हाच चेहरा घेऊन तो दोन वर्षं लोकांना रक्ततपासणीचा रस्ता सांगत होता, आणि लोक घाबरत होते. इथे कुणी घाबरत नव्हतं. चेहऱ्याने तर काहीच वेगळं केलं नव्हतं. फक्त तो तीन मजले वर आला होता.

खाली मात्र खिडकी चार चाळीस मिनिटं माहितीवाचून चालली होती. व्हायचं ते झालं. दुसऱ्या दिवशी तक्रारपेटी उघडली, तेव्हा तीत दोन कागद निघाले, आणि मोठ्या बाईंनी त्याला वर बोलावलं.

"बसा," त्या म्हणाल्या. "पहिला वाचते. 'मी डोळ्यांचा विभाग विचारला. खिडकीतल्या हसऱ्या माणसाने उजवीकडे पाठवले. तिथे कपडे धुण्याची खोली आहे. तिथल्या लोकांनी माझा शर्ट काढून घेऊन धुतला. शर्ट स्वच्छ झाला आहे. डोळा तसाच आहे.'" त्यांनी कागद खाली ठेवला. "तक्रार आहे ही. महिना संपायला दोन दिवस असताना."

"हो."

"तळघराचा आदेश मी काल रात्रीच तयार करून ठेवला होता, तुम्ही जागा सोडली हे कळल्यावर." आदेश टेबलावर होताच. सही तेवढी व्हायची होती. "पण या कागदाचं काय करू ते कळेना. आजवरच्या सगळ्या तक्रारी तुम्ही होतात म्हणून आल्या. ही पहिलीच, तुम्ही नव्हतात म्हणून आली. नियमात हे बसत नाही."

 नियमात काय बसत नाही हे शिक्क्याला बदकामुळे चांगलं ठाऊक होतं.

"आणि हा दुसरा." बाईंनी चष्मा सारखा केला. "'खिडकी चारच्या खाली एक माणूस ठेवलेला आहे. त्याला खरं बोलता येतं. त्याला वर बसवावं. वॉर्ड नऊ, खाट सहा यांची पत्नी.'" त्यांनी तो पहिल्या कागदावर ठेवला. "पेटीत पडला म्हणजे हीसुद्धा तक्रार. आणि प्रत्येक तक्रारीवर कार्यवाही करायचीच असा नियम आहे. तुम्ही बोललात काय त्यांच्याशी? लाल ठिपका असताना?"

"परवानगी नाही, एवढंच म्हणालो."

"मग खरं काय बोललात?"

"काही नाही बोललो. कपाळ आपटलं होतं."

मोठ्या बाईंनी त्याच्याकडे निरखून बघितलं. थट्टा करतोय का, हे त्या शोधत होत्या. कपाळावर टेंगूळ होतं. पण त्या चेहऱ्यावरून तेसुद्धा खरं आहे की नाही, ते ठरवणं अवघड होतं.

त्यांनी तळघराचा आदेश उचलला, पालथा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं.

सोमवारपासून खिडकी चारमध्ये दोन खुर्च्या आल्या, शेजारी शेजारी, सारख्या उंचीच्या. बदक मुलांच्या वॉर्डात परत गेलं. लोक येत, दोन्ही चेहऱ्यांकडे बघत आणि आपापलं ठरवत. लसीची चौकशी करणारे जाहिरातकडे जात. जाहिरात शेजारी वळून मोठ्याने विचारी, आणि डावं-उजवं शिक्का हाताने दाखवी. पण कुणी कुणी असे येत, की जाहिरातची खुर्ची रिकामी असली तरी शिक्क्यासमोरच्या रांगेत उभे राहत. त्यांना रस्ता विचारायचा नसे. शिक्काही मग रस्ता सांगत नसे. तक्रारी पुन्हा येऊ लागल्या होत्या, महिन्याला एखादी. 'डाव्या बाजूचे गृहस्थ माझ्यावर चिडले' अशी एक होती. मोठ्या बाईंनी तीवर कार्यवाही म्हणून खुर्च्यांची अदलाबदल केली.

तिसऱ्या आठवड्यात वॉर्ड नऊच्या त्या बाई आल्या. मृत्यूचा दाखला कुठे मिळतो, हे विचारायला. शिक्क्याची दाढ आदल्या दिवसापासून ठणकत होती आणि सकाळपासून त्याने कुणाचंही वाक्य पुरतं ऐकलं नव्हतं. त्याची नजर सवयीने खाली गेली, पण आता तिथे फट नव्हती, नुसता काउंटर होता. तेव्हा बाईंनी पायात काय घातलं आहे, ते त्याला कळलं नाही. विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

"इथेच तळमजल्यावर," तो म्हणाला, "बिलांच्या विभागावरून पुढे, पाण्याच्या टाकीपाशी डावीकडे. दार जड आहे, ढकलू नका, ओढा. अकराच्या आधी गेलात तर रांग नसते." आणि मग, थोडं थांबून, "सावकाश जा."

बाईंनी मान हलवली. निघता निघता थांबून त्याच्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, "आज बरे दिसताय तुम्ही."

शेजारी जाहिरातने चमकून त्याच्याकडे बघितलं. त्याला तर काही फरक दिसला नाही.

शिक्क्याने जिभेने दाढ चाचपली. ठणका होताच. पण मग त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, "हो. बरं आहे आज."

बाई दिसेनाशा होईपर्यंत तो गजांतून बघत राहिला. त्या बिलांच्या विभागावरून पुढे गेल्या, टाकीपाशी डावीकडे वळल्या, कुठेही न चुकता. गजांच्या मागे, जिथून कुणाला दिसत नाही, तिथे त्याच्या कानांच्या पाळ्या केसभर मागे सरकल्या.